छावणीतली धार

मे महिन्यातली रणरणती दुपार, आणि मळेवाडीच्या चावडीपुढं सगळं गाव गोळा झालेलं. गावाला काय, निमित्त लागतं. चनबसाप्पाच्या शांभवीच्या कॉलेजातली पोरं-पोरी कोल्हापुरासनं गाडी भरून आली होती. अंगात केशरी जाकिटं, गळ्यात शिट्ट्या, खांद्यावर दोर. महापूर आला तर गाव कसं बाहेर काढायचं, त्याची म्हणे रंगीत तालीम. आता नदी पार तळाला गेलेली, गावची पोरं पात्रात क्रिकेट खेळत होती, आणि हे लोक पूर आला, पूर आला म्हणून पळणार! बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

चनबसाप्पा पाराला टेकून उभा होता. हसत नव्हता, पण मान वर करून बघतही नव्हता. पोरगी त्याची, एकुलती एक. तिनं आपत्ती व्यवस्थापनाची डिग्री करायचं काढलं तेव्हा घरात महाभारत झालं होतं.

"पुराचं काय शिकायचं त्यात?" चनबसाप्पा ओरडला होता. "पूर काय कॉलेजात येतोय व्हय? आपल्या दारात येतोय! हितं बसून शिक की!"

"दारात येऊन तुमी काय शिकलासा, आप्पा?" शांभवीनं एवढंच विचारलं होतं.

 दोन हजार एकोणीसच्या महापुरात गोठ्यातल्या म्हशी चनबसाप्पानं दाव्याला बांधून ठेवल्या होत्या. दोन हजार पाचच्या पुरातल्या पाण्याची रेघ गोठ्याच्या भिंतीवर होती ना! त्या रेघेच्या वर पाणी जाईत न्हाई, हे त्याचं म्हणणं, आणि त्याचंच कशाला, सगळ्या गावाचं. पाणी रेघेवर गेलं, आढ्याला लागलं. म्हशी बांधल्या जागी गेल्या. वाचलं ते एक तान्हं रेडकू, त्याच्या बायकोनं, मल्लव्वानं काखेत मारून माडीवर नेलेलं. माडीच्या खिडकीतनं शाळकरी शांभवी गोठ्याकडं बघत होती, आणि खालचं हंबरणं बंद होईपर्यंत ती तिथनं हलली नव्हती. अशी ती या शिक्षणाकडं गेली. मळेवाडीतला एक माणूस, एक जनावर आता पाण्याला द्यायचं न्हाई, एवढंच तिच्या डोक्यात. त्यासाठी रोज एसटीनं कोल्हापूर, तिथं पुण्याकडच्या पोरी तिचं बोलणं ऐकून खिदळायच्या, तेही सोसायची.

चावडीपुढं आता घोडं अडलं होतं. स्ट्रेचरवर झोपायला एक जखमी माणूस पाहिजे होता, आणि कोणी पुढं येईना. गावच्या आखाड्यातली पैलवान पोरं म्हणाली, "आमच्याकडं बघून जखमी म्हणंल का कोण?" बायका मागं सरकल्या. म्हातारी चिमणाबाई तर हात नाचवत पुढं आली.

"जित्त्या माणसानं चौघांच्या हातावर चढायचं नसतंय, बाई! मरणाला आवतण द्यायचं काम हाय हे!"

"आज्जी, तिरडी न्हवं ती," शांभवी म्हणाली. "थांबा सर, मी सांगतो यास्नी."

"सांगतो!" जाकिटातली एक पोरगी दुसरीला म्हणाली, आणि दोघी हसल्या. कोल्हापूरची बाई 'सांगते' कुठली म्हणायला? कॉलेजचे सर घड्याळ बघायला लागले. शांभवीचे कान लाल झाले, ते चनबसाप्पाला पारापासनं दिसले.

तेवढ्यात मल्लव्वा मळ्यातनं आली. डोक्यावर गवताचा भारा, तो तिनं तिथंच टाकला, पदरानं तोंड पुसलं.

"सरा बाजूला. मी झोपतो."

"मल्लव्वा, खुळी का काय गं तू!" चिमणाबाई किंचाळली.

"आगं, आमच्यात मेलेल्याला बशिवून नेत्यात आन् बशिवूनच मातीत ठेवत्यात. झोपून जायाची रीतच न्हाई लिंगायतात, मग मला कशाचा आपशकून? उलट पाठ टेकंल तेवढीच. पहाटंपासनं वाकून कापतोय."

सगळं गाव खोखो हसलं. मल्लव्वा स्ट्रेचरवर आडवी झाली, चार पोरांनी उचललं, आणि शाळेपर्यंत जाईस्तोवर ती त्यांनाच दटावत होती, "हळू रं लेकरांनो, लुगडं सरकंल." चिमणाबाईनं कडाकडा बोटं मोडली. चनबसाप्पाला राग आला होता आणि हसूही येत होतं. असल्या बायकोला काय म्हणायचं माणसानं?

जुलै संपता संपता पावसानं ठाण मांडलं. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, वाडीच्या देवळात नदीचं पाणी शिरून दक्षिणद्वार झालं, आणि हौशी लोक तिकडं त्या पाण्यात आंघोळीला गेले. मळेवाडीत अजून पाणंदीतसुद्धा पाणी नव्हतं. तरी शांभवी कॉलेजातनं सुट्टी काढून आली आणि घरोघर फिरायला लागली.

"आदी जनावरं हलवा. पाणी यायच्या आत. जनावर गेलं की मानूस आपोआप जातंय."

"पाणी तरी येऊ दे की गं!" लोक म्हणायचे. "का परत मे महिन्यागत पूर आल्याचं सोंग करायचं?"

मग मल्लव्वा पुढं झाली. तिनं भांडी पोत्यात भरली, मोगरीचं दावं सोडलं आणि चनबसाप्पाच्या हातात दिलं. मोगरी म्हणजे तेच माडीवर वाचलेलं रेडकू, आता भरदार म्हैस झालेली. मल्लव्वानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, त्यामुळं तिचा लाड काय विचारता! मल्लव्वाशिवाय दुसऱ्या कुणाचा हात आचळाला लागू द्यायची नाही, लाथच मारायची. चनबसाप्पालासुद्धा.

भर पावसात चनबसाप्पा म्हशी घेऊन चढाच्या रस्त्याला लागला. ज्या माणसानं मागं जनावरं बांधून मारली, तोच आधी निघाला म्हटल्यावर गाव चपापलं. दुपारपर्यंत रस्ता जनावरांनी भरला. त्यांच्या मागनं बायका, म्हातारी, पोरंसोरं, कोंबड्यांच्या पाट्या. गावातल्या चमनभाईची एरवी माणसं भरून नेणारी वडापाची जीप फेऱ्यावर फेऱ्या मारत होती, टपावर शेळ्यासुद्धा. पाणी गावात शिरलं तेव्हा मळेवाडीत मांजर राहिलं नव्हतं.

वरच्या माळावरच्या गावात शाळेत बायकापोरं, आणि त्याच्या वरच्या अंगाला गायरानात पत्र्याच्या छपराखाली जनावरांची छावणी. पुरात असंच असतं, घर दोन जागी होतं. पुरुष जनावरांजवळ चिखलात, बायका शाळेत. मल्लव्वा सकाळ-संध्याकाळ भाकरी घेऊन चढ चढून यायची, मोगरीची धार काढायची आणि दूध शाळेतल्या लेकरांना न्यायची. शाळेत शांभवीला श्वास घ्यायला सवड नव्हती. कुणाला ताप, कुणाला हगवण, कुणाचं बाळ, कुणाची गोळी. आवाज बसला होता तिचा. कॉलेजचे सर छावणी बघायला आले आणि दुसऱ्या गावच्या लोकांना दाखवायला लागले, बघा, काम असं करायचं असतं. चनबसाप्पानं ते लांबनं ऐकलं आणि पटका नीट केला.

त्या संध्याकाळी मल्लव्वा आली ती वाटेत दोनदा थांबत आली. छपराखाली पोचल्यावर भाकरीचं गठुळं ठेवून दगडावर बसली. पाऊस गार होता, माणसं कुडकुडत होती, आणि हिच्या कपाळावरनं घामाच्या धारा.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. दम लागला." पदराचा बोळा करून तिनं गाल दाबून धरला. "दाढ ठणकाय लागलीया सकाळपासनं. आन् हा डावा हात बगा, खांद्यापासनं भरून आल्यागत झालाय. छातीत जळजळतंय."

"पोरीला सांगितलंस?"

"तिला न्हाई सांगायचं." मल्लव्वानं त्याच्याकडं रोखून बघितलं. "तिचं सर आल्यात. आईच आजारी म्हटल्यावर तिचं ध्यान माझ्याकडं लागंल. एवढ्या लोकांचं कोण बगणार? पाणी उतरू दे, मग दावतो मी दवाखान्यात. तुमास्नी माझी आन हाय."

आन घातली म्हटल्यावर विषय संपला. चनबसाप्पाच्या घरात आन कुणी मोडली नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. मोगरी तुंबली होती, दुपारपासनं हंबरत होती, दाव्याला हिसके मारत होती. त्यानं एकदा हात लावायला बघितलं, तर गुडघ्यावर लाथ बसली होती.

"तेवढी मोगरीची धार घे की मग," तो म्हणाला. "तुझ्या हाताबिगर पान्हा सोडत न्हाई ही भवानी."

मल्लव्वा दगडावर हात टेकून उठली. डावा हात चालेना म्हणून एकाच हातानं धार काढायला लागली. मधेच थांबायची, म्हशीच्या पोटाला कपाळ लावून डोळे मिटायची, परत काढायची. नेहमीपेक्षा कितीतरी वेळ लागला. चनबसाप्पा दावं धरून उभा होता. दिसत होतं त्याला सगळं. दमली असंल, असं तो स्वतःला सांगत राहिला. जाताना तिनं दुधाची बारडी उजव्या हातात घेतली, आणि तो म्हणाला, "सावकास जा गं, निसरडं हाय." बास, एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चारा आणायला शाळेकडं गेला, तर फाटकात गडबड. निशिगंधा नावाची पोर पहिलटकरीण, तिला कळा सुरू झालेल्या. चमनभाईची जीप लावलेली. कोल्हापूरकडचा रस्ता बंद, जयसिंगपूरच्या दवाखान्याला लांबच्या वाटेनं जायचं, आणि परत यायला संध्याकाळ होणार. मागच्या सीटवर निशिगंधाला आडवी केली, तिची आई तिच्याजवळ. पुढं एक जागा राहिली.

शेजारणीचा आधार धरून धोंडुबाई उभी होती, तापानं फणफणलेली. आणि तिच्या पलीकडं भिंतीला टेकून मल्लव्वा.

शांभवी झपाझपा आली. धोंडुबाईच्या कपाळाला हात लावला, डोळे बघितले. मग तिची नजर आईवर गेली.

"आव्वा, तुला काय हुतंय? तोंड का असं झालंय?"

"पित्त झालंय. रातीचा भात बाधला." मल्लव्वा हसली. "धोंडीला बशीव आदी. तिला उभं ऱ्हावंना झालंय."

शांभवी तिथंच थांबली. तिला पटलं नव्हतं. तिनं बापाकडं वळून बघितलं.

"आप्पा, आव्वाला काय हुतंय का? बोलली का तुमाला काय?"

आता बोलायचं होतं. चनबसाप्पाच्या जिभेवर आलं होतं. मल्लव्वा पोरीच्या पाठीमागनं त्याच्याकडं बघत होती, आन घातलेली बाई. आणि दुसरंही एक डोक्यात होतं, लपवायचं कशाला? ही दवाखान्यात गेली, तिथंच ठेवून घेतली, तर मोगरी कुणाला धार देणार? कास सुजली, तर म्हैस हातची जाईल. माणसाचं मन असं दरिद्री असतं बघा, ऐन वेळेला गोठ्यात जाऊन बसतं.

"पित्तच आसंल," तो म्हणाला.

शांभवीनं धोंडुबाईला पुढं बसवलं. जीप गेली.

दुपारी मल्लव्वा शाळेच्या वऱ्हांड्यात बायकांच्या सोबत छावणीच्या आमटीला कांदा चिरत बसली होती. विळी बाजूला सारली आणि कुशीला कलंडली. शांभवी धावत आली, छाती दाबत राहिली, कॉलेजात शिकली होती तसं, अगदी तसं. लोकांनी ओढून बाजूला घेईपर्यंत दाबत होती. चनबसाप्पा छावणीतनं पोचला तेव्हा तोंडानं ती अजून आकडे मोजत होती.

गेली. मल्लव्वा गेली.

आता पुढं माती द्यायची कुठं? मळेवाडीची रुद्रभूमी पार पाण्याखाली. माळावरच्या गावची दफनभूमी ओढ्याकाठी, तिथं हातभर उकरलं की खड्ड्यात पाणी भरायचं. गायरानात टिकाव घातला तर खाली नुसता कातळ, ठिणग्या उडाल्या. त्यातच त्या गावचे चार लोक आले.

"पावणं, गायरानात मढं पुरायचं न्हाई. तुमी उद्या जाशीला, आमची जनावरं चरत्यात हितं."

चनबसाप्पानं आयुष्यात कुणापुढं पटका काढला नव्हता. त्यानं काढला आणि हात जोडले. "एक कोपरा द्या, बाबांनो. आमच्यात जाळत न्हाईत." लोक वाईट नव्हते. ते खाली बघत होते. पण हलत नव्हते. पाऊस थांबत नव्हता, आणि वऱ्हांड्यात मल्लव्वाला भिंतीला टेकवून बसवली होती, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग. अंग ताठ होत चाललं होतं. माश्या येत होत्या.

शांभवीनंच तोंड उघडलं. या सगळ्याचा विचार करणारी ती. माणसं कुठं ठेवायची, जनावरं कुठं, पाणी कुठनं आणायचं, सगळं तिनं आधी ठरवलं होतं. मेलेल्या माणसाला जागा लागंल, हे कुठं कुणी धरलंय?

"आप्पा, दहन करूया," ती म्हणाली. आवाज नव्हताच तिला. "आव्वाला किती येळ असं ठेवायचं?"

तेव्हा चनबसाप्पा बोलला. साऱ्या गावासमोर बोलला.

"गाव सगळं वाचवलंस. आन् आईला तेवढी घालवलीस. दुसऱ्याच्या आईला गाडीत बशिवलीस न्हवं का तू? आता जाळ. जाळ हिला."

बोलला आणि त्याच क्षणी त्याला कळलं, आपण काय बोललो ते. पण तोंडातनं गेलेली गोष्ट कुणी माघारी घेतलीय?   शांभवी उठली आणि लाकडं बघायला गेली.

माळावरच्या गावच्या पत्र्याच्या छपराखालच्या स्मशानात ओल्या लाकडांवर रॉकेल ओतून मल्लव्वाला जाळली. धूरच जास्त झाला. चिमणाबाई बायकांत बसून म्हणाली, "मी बोललो हुतो. जित्तीला तिरडीवर घातली, दुसरं काय हुणार?" शांभवीच्या कानावर ते गेलं, आणि चनबसाप्पाच्याही. त्यानं म्हातारीला गप्प केलं नाही. आतनं त्याला हलकं वाटलं, दोष दुसरीकडं चालला होता म्हणून. त्या हलकेपणाची त्याला पुढं फार लाज वाटली.

पाणी उतरलं. गाव खाली आलं. घराघरांत गुडघाभर गाळ, कुजका वास, भिजून फुगलेली जोंधळ्याची पोती. बापलेक दिवसभर गाळ ओढायची. ती खोऱ्यानं भरायची, तो पाटी उचलायचा. बोलणं म्हणजे, "ही पाटी घ्या," "तिकडं वता." जेवण करून ती त्याच्यापुढं ताट सरकवायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. कॉलेजचं नाव नाही. सरांचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा. मोगरीनं धार देणं सोडलं होतं, आटली ती. लोक सोमवारी आपापल्या माणसांच्या मातीवर बेल वाहायला रुद्रभूमीत जायचे. चनबसाप्पाला जायला जागाच नव्हती. तो फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा.

रोज वाटायचं, आज सांगायचं. पाटी उचलताना वाटायचं, चुलीपुढं वाटायचं. पोरगी दिवसादिवसाला वाळत चालली होती, आणि तिच्या गळ्यातला फास आपल्या हातानं सुटणार आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण सांगितलं आणि हीसुद्धा तोंड फिरवून गेली तर? मग या घरात उरलं कोण? धोंडुबाई एकदा भाकरी-आमटी घेऊन आली, तर त्यानं दारातनंच परत लावली. तिला बघवत नव्हतं त्याला. जगली वाचली बिचारी, हाच तिचा गुन्हा.

गणपती झाल्यावर चावडीपुढं मांडव घातला. सत्काराचा कार्यक्रम. तालुक्याचे साहेब आले, कॉलेजचे सर आले, माइक लागला. सरपंच छाती फुगवून बोलले, "आसपासच्या गावात काय काय झालं, तुमास्नी ठावं हाय. पर आपल्या मळेवाडीतला एकबी मानूस पुरानं न्हेला न्हाई! ही आपल्या शांभवीची करणी!"

टाळ्या पडल्या. चनबसाप्पा मागं खांबाला धरून बसला होता. एकबी माणूस नाही. मल्लव्वा पाण्यात बुडाली नव्हती ना, कांदा चिरताना गेली, म्हणून ती कुठल्याच मोजणीत बसत नव्हती. मातीत जागा नाही, मोजणीत जागा नाही.

शांभवीला वर बोलावलं. अंगावर शाल घातली, नारळ दिला. सर म्हणाले, "दोन शब्द बोल." ती माइकपुढं उभी राहिली.

"एक गेली," ती म्हणाली. "माझी आव्वा. गाडीत एक जागा हुती. ती मी दुसऱ्याला दिली. आव्वाचं तोंड मला दिसत हुतं आन् मला कळलं न्हाई. ज्याला आईचं दुखणं कळत न्हाई, त्यानं गावाचं काय शिकायचं? मी कॉलेज सोडलंय, सर."

शाल घडी करून तिनं टेबलावर ठेवली, नारळ त्यावर ठेवला आणि खाली उतरली. बायकांत बसलेल्या धोंडुबाईनं पदरात तोंड घातलं आणि हमसून हमसून रडायला लागली.  

चनबसाप्पा घरी आला तेव्हा दिवस कलला होता. धारेची वेळ. शांभवी गोठ्यात गव्हाणीजवळ बसली होती, हातात काही काम नव्हतं. तो आत गेला आणि म्हशीच्या पलीकडं उभा राहिला. तोंड दिसू नये म्हणून.

"शांभवी, मला ठावं हुतं."

तिनं वर बघितलं.

"आदल्या दिवशी तिनं मला सांगितलं हुतं. छावणीत आलती तवा. तुला सांगू नका म्हणली. आन घातली. आन् दुसऱ्या दिवशी तू मला इच्यारलंस, तवा मी पित्त म्हटलं."

शांभवी हळूहळू उठली. चनबसाप्पाला वाटलं आता ओरडणार, शिव्या देणार. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारायला सुरुवात केली, शाळेत आजारी माणसांना विचारायची त्याच आवाजात.

"घाम आलता?"

"व्हय."

"गार वाऱ्यात?"

"व्हय. धारा लागल्या हुत्या."

"हात कुठला दुखत हुता?"

"डावा. खांद्यापासनं."

"जबडा?"

"दाढ ठणकती म्हणली. पदरानं गाल दाबून धरला हुता."

"चालताना थांबत हुती?"

"व्हय. दोनदा थांबली वाटेत."

एकेका उत्तराला ती मान हलवत होती. सगळं जुळत होतं. बाराखडीतल्या पहिल्या अक्षरागत सोपं होतं सगळं, आणि विचारायचं ते माणूस राहिलं नव्हतं. मग ती थांबली. तिची नजर मोगरीच्या आटलेल्या कासेवर गेली.

"आप्पा, त्या सांजंला हिची धार कुणी काढली?"

चनबसाप्पानं म्हशीच्या पाठीवर हात टेकला. 

"तिनं. मी लावली तिला. म्हैस तुंबली हुती."

"एका हातानं?"

"व्हय."

शांभवीनं गव्हाणीच्या लाकडावर दोन्ही मुठी आपटल्या. एकदा, परत, परत. "एक शब्द, आप्पा! एक शब्द बोलायचा हुता! जीप दारात हुती! आव्वा हुती, मी हुतो, तुमी हुतासा!" आणि मग आई गेल्यापासनं पहिल्यांदा ती रडली. गोठ्याच्या चिखलात बसून, तोंड उघडं टाकून, लहानपणी रडायची तशी. म्हशी बिथरून दावी ओढायला लागल्या. चनबसाप्पा जवळ गेला नाही. आपल्याला जवळ जायचा हक्क आहे का, हेच त्याला कळेना. तो तिथंच खाली बसला, शेणात, म्हशीच्या पायांशी.

अंधार पडायला लागला. कुणीतरी रस्त्यावरनं मांडवाची सतरंजी गुंडाळून नेत होतं. शांभवीचं रडणं ओसरत ओसरत हुंदक्यांवर आलं. तिनं बाहीनं नाक पुसलं आणि बापाकडं बघितलं. किती दिवसांनी बघितलं. त्याच्या गालांची हाडं वर आली होती, आणि श्वास आखूड चालला होता.

ती गुडघ्यांवर सरकत जवळ आली.

"आप्पा, तुमाला कुठं दुखतंय का?" ती म्हणाली. "खरं सांगा. मला खरं सांगा."

न्हाई म्हणायला चनबसाप्पानं तोंड उघडलं. या घरात तेच म्हणायची रीत होती.

"व्हय," तो म्हणाला. "दुखतंय गं."

"कुठं?"

त्यानं हात उचलला, छातीपाशी नेला, मग पोटापाशी, मग गळ्यापाशी. कुठं ते त्याला दाखवता येईना. शांभवी तो हात जाईल तिथं बघत बसली.